रोमयात्रा : ऋतुमान आणि पूर्वतयारी

रोम शहर पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येतात. ख्रिस्ती भाविक मात्र तेथे यात्रेकरू म्हणून जातो. संत पेत्र आणि संत पौल यांच्या कबरींपाशी गुडघे टेकावेत, पोप महोदयांचे दर्शन घ्यावे आणि त्यांच्यासमवेत प्रार्थना करावी, ही इच्छा आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे मनात बाळगून असतात. ती पूर्ण होण्याची वेळ येईपर्यंत बहुधा आईवडिलांनी साठी-सत्तरी ओलांडलेली असते. पैसा साठतो, रजा मंजूर होते, सोबत मिळते. परंतु प्रवासाचा महिना मात्र मुलांच्या सुट्टीवरून किंवा विमानाच्या तिकिटावरून ठरतो. आमच्या मते रोमयात्रेतील पहिला व सर्वांत महत्त्वाचा निर्णय महिन्याचा आहे, आणि तो गटातील सर्वांत वयस्क, सर्वांत अशक्त व्यक्तीकडे पाहून घेतला पाहिजे. कारण रोमची यात्रा ही मुख्यतः पायांची आणि उघड्या आकाशाखालची यात्रा आहे. याच दृष्टीने वाचकांच्या उपयोगासाठी रोमच्या ऋतुमानाची व आवश्यक तयारीची माहिती येथे देत आहोत.

रोमचे ऋतुचक्र

रोम टायबर नदीच्या काठी वसले असून तेथून समुद्र सुमारे २५ किलोमीटरवर आहे. त्याचा अक्षांश सुमारे ४२ अंश उत्तर आहे. भूमध्य सागराभोवतीच्या प्रदेशाचे हवामान आपल्या कोकणच्या नेमके उलट असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. रोममध्ये जुलै हा वर्षातील सर्वांत कोरडा महिना असतो. तेथील पाऊस प्रामुख्याने ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या महिन्यांत पडतो. आपला पाऊस जसा दिवसेंदिवस लागून राहतो, तसा तो सहसा लागून राहत नाही. जोराची सर येते आणि काही तासांनी ऊन पडते.

वाऱ्यांची माहितीही उपयोगी पडते. उत्तरेकडून येणारा कोरडा, बोचरा वारा 'त्रामोंताना' या नावाने ओळखला जातो. आफ्रिकेच्या बाजूने येणारा उष्ण, दमट वारा म्हणजे 'सिरोक्को'. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या सुखद झुळुकीस रोमकर लाडाने 'पोनेन्तिनो' म्हणतात.

घड्याळाचे गणितही लक्षात असू द्यावे. मार्चच्या शेवटच्या रविवारी इटलीतील घड्याळे एक तास पुढे नेली जातात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतली जातात. त्यामुळे उन्हाळ्यात रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते.

वसंत ऋतू : मार्चअखेर ते मे

एप्रिलमध्ये दिवसाचे कमाल तापमान सरासरी १८ ते १९ अंश सेल्सिअस आणि मे महिन्यात सुमारे २३ अंश असते. रात्री मात्र पारा एप्रिलमध्ये ८ अंशांपर्यंत व मेमध्ये १२ अंशांपर्यंत उतरतो. दिवसा हलके सुती कपडे पुरतात, पण सूर्यास्तानंतर स्वेटर लागतोच.

पवित्र सप्ताह आणि पुनरुत्थानाचा सण याच ऋतूत येतो. झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवारी रात्री कोलोसियमपाशी होणारी क्रूसाची वाट आणि ईस्टरच्या दिवशी संत पेत्र चौकातील मिस्सा यांत सहभागी होणे हे मोठेच भाग्य होय. मात्र या दिवसांत गर्दी अफाट असते आणि निवासाचे दर चढलेले असतात. क्रूसाच्या वाटेच्या वेळी रात्रीच्या गारव्यात दोन-तीन तास उभे राहावे लागते. ज्यांना इतका वेळ उभे राहणे शक्य नाही, त्यांनी ईस्टरनंतर दोन-तीन आठवड्यांनी जाणे श्रेयस्कर.

महाराष्ट्रातील शाळांना सुट्टी असते असा मे महिना आपल्या कुटुंबांना सर्वांत सोयीचा आहे आणि सुदैवाने तो रोममध्येही उत्तम असतो. दिवस मोठा, ऊन सौम्य आणि पाऊस मोजका. संत फिलिप नेरी यांचा सण २६ मे रोजी येतो. सोळाव्या शतकात त्यांनी रोममधील सात महामंदिरांच्या पायी यात्रेस नवे चैतन्य दिले. सुमारे २० ते २५ किलोमीटरची ही वाटचाल धडधाकट तरुणांनी जरूर करावी. ज्येष्ठांनी तीच सात मंदिरे बस व मेट्रोच्या साहाय्याने दोन-तीन दिवसांत विभागून घ्यावीत.

उन्हाळा : जून ते ऑगस्ट

जूनच्या पहिल्या पंधरवड्यानंतर रोम तापू लागते. जुलै व ऑगस्ट या महिन्यांत कमाल तापमानाची सरासरी ३१ अंशांच्या आसपास असते. उष्णतेची लाट आली की पारा ३७-३८ अंशांवर जातो. जुलै २०२३ मध्ये तर तो ४१ अंशांच्याही वर गेला होता.

"आम्ही वसई-मुंबईचे, आम्हांला उन्हाची सवय आहे," असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद फसवा आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेत वडीलधारी माणसे घराबाहेर पडत नाहीत. डोक्यावर पंखा असतो, अंगणात झाडाची सावली असते. यात्रेकरू मात्र नेमक्या त्याच वेळी दगडी चौकात रांगेत उभा असतो. पायाखालचा दगड तापलेला, सावली नाही, आणि जूनअखेरीस दिवस पंधरा तासांचा. सूर्य मावळतो तो रात्री पावणेनऊच्या सुमारास. काही जुन्या निवासगृहांत वातानुकूलन नसते, तेव्हा रात्रीही शरीराला विसावा मिळत नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीस हे सोसणे कठीण जाते.

खुद्द रोमकरांनी उन्हाळ्याशी कधी स्पर्धा केली नाही. पूर्वी या शहराभोवती दलदल होती आणि उन्हाळ्यात हिवतापाची साथ पसरे. 'मलेरिया' हा शब्दच मुळी इटालियन आहे आणि त्याचा अर्थ 'दूषित हवा' असा होतो. १६२३ साली जुलै-ऑगस्टमध्ये पोप महोदयांच्या निवडीसाठी जमलेले अनेक कार्डिनल तापाने आजारी पडले. त्या सभेत निवडून आलेले पोप आठवे अर्बन यांनीच पुढे रोमपासून सुमारे २५ किलोमीटरवर, आल्बानो सरोवराच्या वरच्या अंगास असलेल्या कास्तेल गांदोल्फो या गावी उन्हाळी निवास बांधला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० साली इटली हिवतापमुक्त झाल्याचे घोषित केले. उन्हाळ्यात शहर सोडण्याची प्रथा मात्र टिकून राहिली. जुलै २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनीही कास्तेल गांदोल्फो येथे मुक्काम केला.

यामागे यात्रेकरूंसाठी एक व्यावहारिक सूचना आहे. बुधवारच्या सार्वजनिक भेटी जुलै महिन्यात सामान्यतः स्थगित असतात. ज्यांच्या यात्रेचा मुख्य हेतू पोप महोदयांचे दर्शन हा आहे, त्यांनी जुलैमधील तारखा निश्चित करण्यापूर्वी व्हॅटिकनचे कार्यक्रमपत्रक अवश्य पाहावे. १५ ऑगस्ट, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, हा इटलीत 'फेर्रागोस्तो' या नावाने राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो. त्याच्या आगेमागे अनेक लहान दुकाने व खानावळी बंद असतात.

उन्हाळ्यातच जाणे भाग असल्यास दोन सण विशेष लक्षात घ्यावेत. २९ जून हा संत पेत्र व संत पौल या रोमच्या आश्रयदात्या संतांचा सण असून त्या दिवशी शहरात सुट्टी असते. ५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या महामंदिरात छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव होतो. चौथ्या शतकात पोप लिबेरियस यांच्या काळी ऐन ऑगस्टमध्ये एस्क्विलिन टेकडीवर हिमवर्षाव झाला आणि त्या जागी हे मंदिर उभारण्यात आले, अशी परंपरागत कथा आहे. या महामंदिराचे महत्त्व आता अधिकच वाढले आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेलेले पोप फ्रान्सिस यांना २६ एप्रिल रोजी तेथेच चिरविश्रांती देण्यात आली.

शरद ऋतू : सप्टेंबर ते नोव्हेंबर

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून रोमची हवा पुन्हा निवळते. या महिन्यात कमाल तापमान सुमारे २७ अंश, तर ऑक्टोबरमध्ये २२ अंशांच्या आसपास असते. ऑक्टोबरमधील उबदार, सोनेरी दिवसांना रोमकरांनी 'ओत्तोब्राता' असे खास नाव दिले आहे. मे महिन्याखालोखाल ज्येष्ठ यात्रेकरूंसाठी आम्ही याच कालावधीची शिफारस करू.

भारताशी निगडित संतघोषणांचे दिनांक पाहिले तर तेही बहुतांशी याच सौम्य काळातील आहेत. संत अल्फोन्सा यांना १२ ऑक्टोबर २००८ रोजी, संत चावरा व संत युफ्रेसिया यांना २३ नोव्हेंबर २०१४ रोजी, संत मदर तेरेसा यांना ४ सप्टेंबर २०१६ रोजी आणि संत मरियम त्रेसिया यांना १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संतपद बहाल करण्यात आले. संत देवसहायम यांचा सोहळा १५ मे २०२२ रोजी झाला. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना रोममध्ये पोप नववे पायस यांनी संत घोषित केले तो दिवस ८ जून १८६२ हा होता.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र पावसाची तयारी ठेवावी. नोव्हेंबरमध्ये कमाल तापमान १६ अंशांपर्यंत उतरते आणि सरी वाढतात. टायबरच्या दोन्ही काठांवर ज्या उंच भिंती दिसतात, त्या डिसेंबर १८७० च्या महापुरानंतर बांधण्यात आल्या, यावरून येथील पावसाची कल्पना यावी. रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे लहान ठोकळे बसवलेले आहेत. संत पेत्रांच्या नावावरून त्यांना 'सानपिएत्रीनी' म्हणतात. पावसात ते अतिशय निसरडे होतात आणि वयस्कर माणसे घसरण्याचा धोका तेथेच सर्वाधिक असतो.

हिवाळा : डिसेंबर ते फेब्रुवारी

जानेवारीत दिवसा सुमारे १२ अंश आणि पहाटे २ ते ३ अंश तापमान असते. हिमवर्षाव क्वचितच होतो. फेब्रुवारी २०१२ आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो झाला होता. युरोपातील इतर शहरांच्या तुलनेत ही थंडी सौम्य मानली जाते, पण कोकणातून गेलेल्या माणसाला ती सौम्य वाटत नाही. त्रामोंताना वाहू लागला की उघड्या चौकात उभे राहणे कठीण होते. शिवाय प्राचीन मंदिरांच्या संगमरवरी फरशीतून गारवा थेट पायांत चढतो. एक जाड कोट घालण्यापेक्षा एकावर एक असे तीन-चार पातळ थर घालणे सोयीचे. आत गेल्यावर एकेक थर उतरवता येतो. लोकरी मोजे आणि कानटोपी विसरू नये.

नाताळच्या काळात संत पेत्र चौकात भव्य गोठा व नाताळवृक्ष उभारला जातो. ८ डिसेंबर रोजी पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणानिमित्त स्पेनच्या चौकातील मरियास्तंभास पुष्पहार अर्पण करतात. त्या स्तंभाच्या शिखरावरील मूर्तीच्या हाती अग्निशामक दलाचे जवान शिडीवरून हार चढवतात. डिसेंबरात सूर्यास्त पाच वाजण्यापूर्वीच होतो, हे ध्यानात ठेवून दिवसाची आखणी करावी.

जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हा सर्वांत शांत काळ होय. रांगा लहान, निवास स्वस्त आणि मंदिरांत निवांत प्रार्थनेस वाव. थंडी सोसणाऱ्या प्रकृतीच्या यात्रेकरूंना हा काळ मानवेल.

दिवसाची आखणी

कोणत्याही ऋतूत रोमचा दिवस लवकर सुरू करावा. संत पेत्र महामंदिर सकाळी सात वाजता उघडते आणि प्रवेश विनामूल्य असतो. सुरक्षा तपासणीची रांग मात्र नऊनंतर झपाट्याने वाढते. बुधवारी सकाळी चौकात सार्वजनिक भेट असल्यास महामंदिर सामान्यतः दुपारपर्यंत दर्शनार्थींसाठी बंद असते. या भेटीची प्रवेशपत्रे विनामूल्य असतात. त्यांसाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. रविवारी पोप महोदय रोममध्ये असल्यास दुपारी बारा वाजता खिडकीतून आंजेलस प्रार्थना म्हणतात. तिला प्रवेशपत्र लागत नाही.

घुमटावर चढण्यासाठी ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्टने गच्चीपर्यंत गेले तरी ३२० पायऱ्या उरतात आणि वाट अरुंद होत जाते. गुडघेदुखी किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी हा मोह टाळावा. लातेरानजवळील पवित्र जिन्याच्या २८ पायऱ्या भाविक गुडघ्यांवर चढतात. ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी बाजूला नेहमीचे जिने आहेत.

दुपारी बारा-साडेबारापासून साडेतीन-चारपर्यंत बहुतेक लहान मंदिरे बंद असतात. हा वेळ भोजन व विश्रांतीसाठी राखून ठेवावा. उन्हाळ्यात तर तो निवासस्थानीच घालवावा. चौकात थांबावे लागलेच तर बेर्निनी यांनी उभारलेल्या स्तंभमालिकेचा आसरा घ्यावा. त्या २८४ स्तंभांमध्ये ऐन दुपारीही सावली सापडते. भूमिगत कबरस्थानांत, म्हणजे कॅटाकोम्बमध्ये, बाराही महिने गारवा असतो. बाहेर कडक ऊन असले तरी आत शाल किंवा स्वेटर हवा. तेथेही पायऱ्या आहेतच. संत कॅलिक्स्टस यांचे कॅटाकोम्ब बुधवारी बंद असते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात.

पवित्र द्वाराविषयी अनेक वाचक विचारणा करतात. २४ डिसेंबर २०२४ रोजी उघडलेले संत पेत्र महामंदिरातील पवित्र द्वार ६ जानेवारी २०२६ रोजी बंद झाले. सर्वसाधारण जुबिली वर्ष दर २५ वर्षांनी येते आणि एरवी हे द्वार बंदच असते.

पाणी, पोशाख आणि पादत्राणे

रोममध्ये बाटलीबंद पाणी विकत घेण्याची गरज नाही. शहरभर सुमारे अडीच हजार लोखंडी नळखांब आहेत. १८७४ पासून उभारल्या गेलेल्या या नळांना त्यांच्या वाकड्या तोटीमुळे 'नासोनी', म्हणजे मोठी नाके, म्हणतात. पाणी पिण्यायोग्य व थंड असते. तोटीचे तोंड बोटाने बंद केले की वरच्या छिद्रातून कारंजासारखी धार येते आणि वाकल्याशिवाय पाणी पिता येते. प्रत्येकाने स्वतःची बाटली जवळ बाळगावी. तहान लागण्याची वाट न पाहता ज्येष्ठांनी ठरावीक अंतराने पाणी प्यावे. मात्र ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी आधी त्यांचा सल्ला घ्यावा.

मंदिरांत व व्हॅटिकनच्या संग्रहालयांत खांदे आणि गुडघे झाकलेले असणे आवश्यक आहे. आपल्या भगिनींना साडी किंवा सलवार-कमीज नेसल्या-घातल्यावर याची चिंता नाही. पण साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी, म्हणजे दगडी रस्त्यावर ती पायांत अडकणार नाही. चपला किंवा नवे कोरे बूट नकोत. खालून न घसरणारे, निदान महिनाभर वापरून पायांना सरावलेले बूट घालावेत. प्रवासापूर्वी महिनाभर रोज तासभर चालण्याचा सराव ठेवल्यास यात्रा निम्मी सोपी होते.

कागदपत्रे, औषधे व सुरक्षितता

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने व किमान पंधरा दिवस आधी करता येतो. परंतु मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी अर्जदारांची गर्दी होत असल्यामुळे शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नये. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावी. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा असणे बंधनकारक आहे. विमा घेताना पूर्वीच्या आजारांचा त्यात समावेश आहे किंवा नाही, हे वाचून पाहावे. ज्येष्ठांच्या बाबतीत खरा प्रश्न तेथेच उद्भवतो.

नित्याची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातील पिशवीत ठेवावीत. मुक्कामापेक्षा आठवडाभर पुरतील इतकी जादा न्यावीत. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस असतो. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक फिरवावा. उन्हात कोणाला चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर क्षणाचाही विलंब न करता सावलीत न्यावे, अंग ओले करावे आणि मदत मागवावी.

फ्युमिचिनो विमानतळावरून थेट गाडीने सुमारे ३२ मिनिटांत टर्मिनी स्थानकावर पोहोचता येते. व्हॅटिकनसाठी मेट्रोच्या 'ए' मार्गावरील ओत्ताव्हियानो स्थानक जवळचे. संत पौल महामंदिरासाठी 'बी' मार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. गर्दीच्या बस व मेट्रोमध्ये पाकीटमारांपासून सावध असावे. पासपोर्ट निवासस्थानी सुरक्षित ठेवून त्याची प्रत जवळ बाळगावी. धर्मभगिनींच्या निवासगृहांत राहणाऱ्यांनी रात्री दार किती वाजता बंद होते, हे आधीच विचारून घ्यावे. प्रत्येकाच्या खिशात निवासस्थानाचा पत्ता व गटप्रमुखाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. चुकामूक झाल्यास संत पेत्र चौकातील मधल्या उंच स्तंभापाशी भेटावयाचे, असे आधीच ठरवून ठेवावे.

यात्रा आयोजित करणाऱ्या धर्मग्रामांना आमची एकच विनंती आहे. तारखा ठरवण्यापूर्वी सहभागी होणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी, त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करावी आणि मगच महिना निवडावा. मे महिना किंवा ऑक्टोबर निवडता आला तर उत्तम. अन्य महिना असल्यास कार्यक्रमातील ठिकाणे कमी करून विश्रांतीचा वेळ वाढवावा. आयुष्यभराची पुंजी खर्चून गेलेल्या आजीला दहा मंदिरे धावतपळत पाहण्यापेक्षा प्रेषितांच्या कबरीपाशी शांतपणे बसून एक जपमाळ पूर्ण करता आली, तर तिच्या यात्रेचे सार्थक होईल. वाचकांपैकी जे रोमला जाणार आहेत, त्यांना आमच्या शुभेच्छा. त्यांनी आम्हां सर्वांसाठी तेथे प्रार्थना करावी.